उंबरठ्याच्या आतला आवाज : बौद्ध स्त्रियांची आत्मकथने

आपल्या विद्यालयाच्या या स्मरणिकेसाठी लेख मागविण्याचे काम संपादक मंडळाने आमच्यावर सोपविले. तीन महिन्यांत एकेचाळीस लेख आले. अधिकारी झालेल्या, शिक्षक झालेल्या, पुण्या-मुंबईत स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांनी वेळात वेळ काढून लिहिले, याचा आनंद वाटला. सर्व लेख ओळीने वाचताना मात्र एक गोष्ट ध्यानात आली. जवळजवळ प्रत्येक लेखात एक आई होती. कुणाची आई ऊसतोडीला गेलेली, कुणाची परभणीच्या मोंढ्यात सांडलेले धान्य गोळा करणारी, कुणाची शनिवारी वसतिगृहाच्या फाटकाशी फडक्यात बांधलेली भाकरी घेऊन उभी राहणारी. मुलगा तिच्याविषयी कृतज्ञतेने, डोळ्यांत पाणी आणून लिहीत होता. ती स्वतः मात्र कुठेच बोलत नव्हती. एकेचाळीसपैकी स्त्रियांनी लिहिलेले लेख तीनच होते आणि त्या तिघीही शिक्षिका होत्या.

म्हणून आम्ही भोजनगृहातल्या मावशींकडे गेलो. सव्वीस वर्षे त्यांनी आपल्या मुलांसाठी भाकऱ्या थापल्या आहेत. "मावशी, स्मरणिकेसाठी तुमचेही काही द्या," असे म्हटल्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आमच्यात काय लिवन्यासारखं हाय सर? चुलीचा धूर अन् भाकरी."

पुढच्याच बैठकीत आम्ही ही सूचना मांडली तेव्हा एका ज्येष्ठ पालकांनी प्रेमानेच पण स्पष्ट शब्दांत सांगितले, "बायांनी लिहावे, आमची ना नाही. पण शाळेविषयी लिहावे. घरातले काढू नये. आधीच लोक टपून बसलेत. आपणच आपली लक्तरे वेशीवर कशाला टांगायची?" बैठकीत कुणी त्यांना उत्तर दिले नाही. आम्हीही दिले नाही. इतिहास शिकविणाऱ्या माणसाने गप्प बसण्याची ती जागा नव्हती, ही रुखरुख मनात राहिली. मावशींचे वाक्य आणि त्या पालकांचे वाक्य, या दोहोंना मिळून हा लेख लिहीत आहोत.

दलित आत्मकथनांची परंपरा आपल्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ साली आले. पुढच्याच वर्षी आपल्या मराठवाड्यातले प्रा. प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' आले. मग शंकरराव खरात, लक्ष्मण माने, शरणकुमार लिंबाळे. या पुस्तकांनी मराठी साहित्याला गावकुसाबाहेरचा प्रदेश दाखविला. आम्ही स्वतः ही पुस्तके वर्षानुवर्षे मुलांना वाचून दाखविली आहेत. मात्र त्यांच्या शेजारीच ठेवलेली स्त्रियांची पुस्तके वर्गात न्यायला आम्हांला फार उशीर झाला, हे येथे मान्य केले पाहिजे. पुरुषांच्या आत्मकथनांतली आई आमच्या स्मरणिकेतल्या आईसारखीच आहे. ती उपाशी राहते, मार खाते, मुलाला शिकविते. आणि तिच्या मनात काय चालले होते ते आपल्याला मुलाच्या डोळ्यांतूनच कळते.

स्त्रियांची पुस्तके फार मागून आली असेही नाही. कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले, मुक्ता सर्वगोड यांचे 'मिटलेली कवाडे' १९८३ मध्ये. शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा' आणि बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' ही दोन्ही पुस्तके १९८६ साली आली. नाशिकच्या शांताबाई दाणी यांचे 'रात्रंदिन आम्हा' १९९० मध्ये आणि उर्मिला पवार यांचे 'आयदान' २००३ मध्ये. या सर्वांविषयी येथे लिहिता येणार नाही. दोघी-तिघींपाशी मात्र थांबायचे आहे.

बेबीताई कांबळे यांचा जन्म १९२९ सालचा, बालपण आजोळी वीरगावात गेलेले. शिक्षण चौथीपर्यंत. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या फलटणच्या झाल्या. पती-पत्नींनी मिळून लहानसे किराणा दुकान चालविले. दुकानात माल बांधून द्यायला रद्दी येई, ती रद्दी बेबीताई वाचू लागल्या. गिऱ्हाईक नसेल तेव्हा वाचायचे, आणि पुढे गिऱ्हाईक नसेल तेव्हा लिहायचे. जे लिहिले ते त्यांनी सुमारे वीस वर्षे घरातल्या माणसांपासून लपवून ठेवले. ही गोष्ट आम्ही जेव्हा जेव्हा वर्गात सांगतो, तेव्हा मुली एकदम शांत होतात आणि मुले विचारतात, "का लपविले?" मुलींना तो प्रश्न पडत नाही.

फलटणमध्ये राहून शिक्षणाचे काम करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकन विदुषींना या लेखनाविषयी कळले, त्यांनी ते बाहेर काढण्यासाठी बेबीताईंच्या मागे लकडा लावला आणि १९८२ पासून ते 'स्त्री' मासिकातून क्रमशः येऊ लागले. बेबीताईंचे आणखी एक काम आपल्या विद्यालयाच्या वाचकांना जवळचे वाटेल. फलटणजवळच्या निंबुरे गावी त्यांनी मागास समाजांतल्या मुलांसाठी निवासी आश्रमशाळा उभी केली. चौथी शिकलेल्या, दुकानाच्या गल्ल्यावर बसून लिहिणाऱ्या बाईने आपल्यासारखीच शाळा काढली.

'जिणं आमुचं' या पुस्तकात बेबीताईंनी महारवाड्याचे दैन्य सांगितले आहे : भुकेने आतडी पिळवटलेल्या बाळंतिणी, अंगात येणाऱ्या बाया, मुलाला पोतराज म्हणून देवाला सोडण्याची रीत. बाबासाहेबांनी जेजुरीला केलेल्या भाषणाने बायकांच्या मनांत काय उलथापालथ झाली तेही त्यात आहे. आपल्या समाजात हे सारे अभिमानाने वाचले जाते. पण त्याच पुस्तकात सुनांविषयी एक भाग आहे, तो मात्र सभेत कुणी उद्‌धृत करीत नाही. पहाटेच्या अंधारात उठून जात्यावर बसविलेली, अर्धपोटी ठेवलेली, क्षुल्लक संशयावरून नाक कापले गेलेली कोवळ्या वयाची सून तेथे आहे. बेबीताईंचे म्हणणे असे की, गावाने आमच्या गळ्यात गुलामी बांधली होती. पण सत्ता गाजविण्याची भूक आम्हांलाही होतीच, आणि ती भागविण्यासाठी आम्ही आमच्याच घरात आणलेल्या परक्या पोरीला गुलाम केले. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आम्हांला वाटते की, जातिव्यवस्थेचे याहून खोल विश्लेषण थोड्याच ग्रंथांत सापडेल. उतरंडीत सर्वांत खालच्या मडक्यालाही आपल्या खाली कुणीतरी हवे असते, हे त्या चौथी शिकलेल्या बाईने घरातल्या घरात बसून ओळखले. शिकून मोठ्या झालेल्या, साहेब झालेल्या आणि वस्तीकडे पाठ फिरविलेल्या आपल्या माणसांनाही त्यांनी सोडलेले नाही.

तरीही त्यांनी एक गोष्ट पुस्तकात लिहिली नाही. या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर माया पंडित यांनी केले; ते २००८ साली आले, त्यात बेबीताईंची मुलाखत आहे. तेथे त्या सांगतात की त्यांनाही पतीचा मार खावा लागला, पण मला माझी एकटीची नव्हे, समाजाची कथा लिहायची होती, म्हणून ते बाजूला ठेवले. 'जिणं आमुचं' या नावातले 'आमुचं' हे सर्वनाम किती महाग पडले असेल, याचा विचार करावा. जी बाई शेकडो सुनांचे दुःख निर्भयपणे लिहिते, ती स्वतःच्या अंगावरचे वळ मात्र झाकून घेते.

शांताबाई कांबळे यांनी नेमका दुसरा मार्ग धरला. सोलापूर जिल्ह्यातल्या महूद गावी १९२३ साली त्या जन्मल्या. १९४२ मध्ये सोलापूर जिल्हा स्कूल बोर्डाच्या शाळेत त्या शिक्षिका झाल्या. त्या जिल्ह्यातल्या त्या पहिल्या दलित शिक्षिका. पुढे जत येथे शिक्षण विस्तार अधिकारी झाल्या आणि १९८१ मध्ये निवृत्त झाल्यावर लिहायला बसल्या. चाळीस वर्षे मुलांची शुद्धलेखने तपासलेल्या या बाईंनी स्वतःच्या पुस्तकाचे नाव 'माझ्या जन्माची' असे न ठेवता 'माज्या जल्माची' असे ठेवले. ही चूक नाही. महूदच्या महारवाड्यातली नाजा ज्या बोलीत रडली आणि हसली, तीच बोली त्यांनी पुस्तकाच्या दारावर लावली. पतीने दुसरे लग्न केल्यावर त्या घर सोडून माहेरी निघून गेल्या, हेही त्यांनी लिहिले. १९९० साली दूरदर्शनवर 'नाजुका' ही मालिका आली ती याच पुस्तकावरून.

'आमुचं' आणि 'माज्या' : एकाच वर्षी आलेल्या या दोन पुस्तकांच्या नावांत दोन भूमिका आहेत. दोघींनी आपले नाते स्वतःशी किंवा समाजाशी सांगितले आहे, कुणा पुरुषाशी नाही. याचे महत्त्व कळण्यासाठी थोडे मागे, आपल्याच गोदाकाठी जावे लागेल.

संत जनाबाई गंगाखेडच्या. आपल्या विद्यालयातले कितीतरी विद्यार्थी त्याच परिसरातून येतात. परंपरेप्रमाणे लहानपणीच ती पंढरपूरला दामाशेटींच्या घरी कामाला राहिली, आणि दळण, कांडण, शेणी वेचणे या कामांतून तिचा अभंग उभा राहिला. सातशे वर्षांपूर्वी शूद्र घरातली एक मोलकरीण बोलली आणि ते बोलणे टिकले, ही लहान गोष्ट नाही. पण तिच्या अभंगांखालची नाममुद्रा पाहा : ती 'नामयाची दासी' आहे. चोखामेळ्याची पत्नी सोयराबाई हिची नाममुद्रा 'चोख्याची महारी' अशी आहे. बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला, हे आम्ही मुलांना नेहमी सांगतो; कारण परंपरा सोडली तरी त्या परंपरेत घुसमटलेल्या आपल्या माणसांना आपण सोडत नाही. चोखोबाची समाधी देवळाबाहेर पायरीपाशी आहे. सोयराबाई त्या पायरीच्याही मागे उभी आहे.

देवळाबाहेर उभी राहिलेली आणि दासी म्हणूनच नोंदली गेलेली बाई फक्त आपल्याच देशात होती असे नाही. मॉर्मन या नावाने ओळखला जाणारा ख्रिस्ती परंपरेतला एक पंथ अमेरिकेत १८३० साली स्थापन झाला. कनेक्टिकट राज्यातल्या जेन मॅनिंग या कृष्णवर्णीय तरुणीने तो स्वीकारला आणि १८४३ साली आपल्या भावंडांसह ती पंथाच्या नगराकडे निघाली. वाटेत बफेलो येथे भाड्याअभावी बोटीत जागा मिळाली नाही, तेव्हा ही माणसे उरलेले आठशे मैल पायी गेली. बूट झिजून फाटले, पावलांतून रक्त येऊ लागले, तरी चालत राहिली. पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याच्या घरी ती धुणे-भांड्यांच्या कामाला राहिली. पुढे ती यूटा प्रांतात गेली, तेथे संसार केला, म्हातारी झाली. परंतु १८५२ पासून त्या पंथाने कृष्णवर्णीयांना पौरोहित्य आणि मंदिरातले मुख्य विधी नाकारले होते. गोऱ्या भगिनींना जो विधी मिळतो तो मलाही मिळावा, म्हणून जेन वर्षानुवर्षे अर्ज करीत राहिली. अखेर १८९४ साली पुरोहितांनी एक नवाच विधी शोधून काढला : जेनला जोसेफ स्मिथ याची अनंतकाळची सेविका म्हणून त्याच्याशी जोडण्यात आले. त्या विधीलाही तिला मंदिरात प्रवेश नव्हता. तिच्या जागी एक गोरी स्त्री उभी राहिली.

याच जेनने त्या सुमारास आपली जीवनकथा एका ओळखीच्या बाईला सांगून लिहवून घेतली. काही पानांचाच तो मजकूर आहे. १९०८ मध्ये ती वारली. पंथाने ती बंदी १९७८ च्या जूनमध्ये उठविली, तिच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षांनी. आज त्या पंथातल्या कृष्णवर्णीय स्त्रिया आपला इतिहास शोधू लागतात तेव्हा त्यांना हाती धरायला ती पायी चालल्याची, रक्ताळलेल्या पावलांची कथा आहे. मंदिराच्या दफ्तरात जेन 'सेविका' आहे. स्वतःच्या कथेत ती चालणारी बाई आहे. दोन्ही कागद एकाच काळातले आहेत. कोणता कागद खरा मानायचा, हे वाचणाऱ्यावर अवलंबून आहे. तो दुसरा कागद नसता तर मात्र वाचणाऱ्याला निवडच राहिली नसती.

जेन त्या पंथातच राहिली. आपण बाहेर पडलो. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाला आपल्या आया-आज्या उभ्या राहिल्या, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्या देवळाकडेच पाठ फिरवून दीक्षाभूमीवर आल्या. ज्या धम्मात जन्माने कुणी दासी नाही, तो त्यांनी स्वीकारला. येथे आमचे काही वाचक म्हणतील की, मग प्रश्न सुटलाच की! गावाविरुद्ध, जातीविरुद्ध लिहावे ते ठीक. धम्म घेतल्यानंतरच्या घराविषयी काय लिहायचे?

उर्मिला पवार यांनी नेमके त्याविषयीच लिहिले. रत्नागिरीजवळच्या फणसवळे गावातले त्यांचे बालपण; वडील शिक्षक होते, ते गेल्यावर आईने बांबूची सुपे-टोपल्या, म्हणजेच आयदाने, विणून मुलांना वाढविले. 'आयदान'मध्ये ही आई आहे, कोकणातली गरिबी आहे, धर्मांतर आहे. पण त्यात मुंबईतले बौद्ध, सुशिक्षित, नोकरदार कुटुंबही आहे. लग्नानंतर शिकून एम. ए. होणारी, सभांना जाणारी, लिहिणारी बायको आणि त्याने अस्वस्थ होणारा नवरा हेही आहे. त्या घरात जातीचा जाच करणारा पाटील नाही. आहे तो आपलाच, सभ्य, जयभीम म्हणणारा माणूस आहे आणि लेखिकेने त्याला खलनायक केलेले नाही. म्हणूनच ते वाचताना आपल्याला, म्हणजे आम्हां पुरुषांना, अवघडल्यासारखे होते. त्या माणसात आम्हांला स्वतःचा चेहरा दिसतो.

कुमुद पावडे यांच्या कथेतला डंख आणखी निराळा. नागपूरच्या या मुलीने हट्टाने संस्कृतात एम. ए. केले, ज्या भाषेचा उच्चार तिच्या पूर्वजांना वर्ज्य होता तीच भाषा. सत्कार झाले, नोकरी मात्र मिळेना. आंतरजातीय विवाहानंतर आडनाव बदलले तेव्हा ती मिळाली. आपली विद्या नव्हे, तर पतीचे आडनाव उपयोगी पडले, हे त्यांनी लपविले नाही.

आता बैठकीतल्या त्या पालकांच्या आक्षेपाकडे वळू. त्यांची भीती खोटी नाही. नामांतराच्या वेळी, १९७८ साली, मराठवाड्यात आपली घरे जळालेली त्यांनी पाहिली आहेत. ज्याचे घर बाहेरच्यांनी जाळलेले आहे, त्याला घरातले भांडण बाहेर जाऊ नये असे वाटणारच. परंतु आम्ही त्यांना आदरपूर्वक त्रिपिटकातच घेऊन जाऊ इच्छितो.

खुद्दक निकायात 'थेरीगाथा' आहे. भगवान बुद्धांच्या काळातल्या भिक्षुणींचे उद्गार त्यात संग्रहित झाले आहेत. स्त्रियांच्या वाणीचा इतका प्राचीन संग्रह जगात दुसरा क्वचितच असेल. त्यात पुण्णिका आहे, अनाथपिंडिकाच्या घरी पाणी भरणारी दासी. कडाक्याच्या थंडीत नदीत बुडी मारून पाप धुऊ पाहणाऱ्या ब्राह्मणाला ती विचारते की, पाण्याने मुक्ती मिळत असती तर बेडूक आणि कासवे केव्हाच स्वर्गाला गेली नसती का? ही गोष्ट आपल्या प्रवचनांतून नेहमी सांगितली जाते. पण त्याच संग्रहात मुत्ता नावाची थेरीही आहे. आपण तीन वाकड्या गोष्टींतून सुटलो असे ती म्हणते : उखळ, मुसळ आणि तिसरा नवरा. प्रवचनात ही मुत्ता आम्ही फारशी ऐकलेली नाही. ज्यांनी हे ग्रंथ शतकानुशतके मुखोद्गत ठेवले ते बहुतांशी पुरुष भिक्षू होते. त्यांना मुत्तेची गाथा गाळता आली असती. घरातले बाहेर काढते म्हणून त्यांनी ती गाळली नाही.

धम्माच्या परंपरेत स्त्रियांविषयी सारे निर्मळच आहे असेही आमचे म्हणणे नाही. शंभर वर्षांच्या दीक्षित भिक्षुणीने त्याच दिवशी दीक्षा घेतलेल्या भिक्षूला वंदन करावे, असा नियम विनयात आहेच. बाबासाहेबांनी १९५१ साली 'महाबोधी' नियतकालिकात हिंदू स्त्रियांच्या उन्नती-अवनतीवर लेख लिहिला, तेव्हा स्त्रियांना हीन लेखणारी बुद्धांच्या तोंडची वचने पुढे भिक्षूंनी घुसडलेली असावीत, असे साधार मांडले. म्हणजे आपल्याच ग्रंथाची झडती घ्यायला ते कचरले नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडले. घरातल्या बाईचा वारसा, विवाह आणि घटस्फोट हे त्यांच्या लेखी वेशीवर, नव्हे संसदेत, मांडण्याचे विषय होते. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात दलित महिलांची अखिल भारतीय परिषद झाली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षा होत्या, सुमारे पंचवीस हजार बायका जमल्या होत्या. तेथे बाबासाहेबांनी बायकांना सांगितले की लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याच्या मैत्रीण म्हणून, त्याच्या बरोबरीने उभे राहावे, दासी होऊन राहू नये. आणि डोंगरेबाई संततिनियमनावर बोलल्या. ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी, पंचवीस हजारांच्या सभेत! आज आपल्या गावच्या जयंतीच्या मंचावर एखादी बाई या विषयावर बोलू लागली तर ध्वनिक्षेपक बिघडेल, अशी आम्हांला शंका आहे.

या परिषदेची आणि तिच्यातल्या बायांची आठवण आपल्यापर्यंत पोचली, त्यात उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' या १९८९ सालच्या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. चळवळीत उतरलेल्या बाया म्हाताऱ्या होत चालल्या होत्या. त्यांतल्या अनेकींना लिहिता येत नव्हते. या दोघींनी त्यांना शोधून त्यांचे बोलणे उतरवून घेतले. शांताबाई दाणी तर विधान परिषदेच्या सदस्य राहिलेल्या, शिक्षणसंस्था चालविलेल्या. तरी त्यांचे 'रात्रंदिन आम्हा' त्यांनी सांगितले आणि भावना भार्गवे यांनी शब्दांकित केले. अमेरिकेतल्या जेननेही सांगितलेच होते. तेव्हा 'मला लिहिता येत नाही' ही आत्मकथनाला अडचण नव्हे, हे आम्हांला उशिरा का होईना उमगले.

आम्ही पुन्हा भोजनगृहात गेलो. या वेळी 'लिहा' असे म्हटले नाही. दहावीच्या वर्गातल्या एका मुलीला शंभर पानी वही देऊन रोज संध्याकाळी, पीठ मळून झाल्यावर अर्धा तास, मावशींजवळ बसायला सांगितले. पहिले तीन दिवस मावशी शाळेविषयीच बोलल्या : कोणत्या साली किती मुले होती, गॅस केव्हा आला, वसतिगृहाची विहीर कधी आटली. चौथ्या दिवशी त्या आपणहून १९७२ च्या दुष्काळावर गेल्या. रोजगाराच्या कामावर खडी फोडणारी आठ-नऊ वर्षांची पोर, डोळ्यांत उडालेली कपची, आणि घरी परतल्यावर त्यावर जे काही झाले ते. ते येथे सांगत नाही. ते त्यांचे आहे आणि पुढच्या पानांवर त्यांच्याच तोंडून आले आहे. ज्या ज्येष्ठ पालकांनी आक्षेप घेतला होता त्यांनाही ती पाने छापण्यापूर्वी वाचून दाखविली. ते ऐकून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी एवढेच विचारले, "पूर्ण नाव छापणार का?" आम्ही तो प्रश्न मावशींना विचारला. त्या म्हणाल्या की आडनाव नको, पण 'मावशी' एवढेच सुद्धा नको. आईने ठेवलेले नाव छापा. त्याप्रमाणे केले आहे.

वही शाईने पक्की करताना त्या मुलीने आम्हांला एक शंका विचारली. मावशी 'माझे' असे कधीच म्हणत नाहीत, 'मपलं' म्हणतात. 'होतं' म्हणत नाहीत, 'व्हतं' म्हणतात. "सर, हे शुद्ध करून लिहू का? परीक्षेत तर गुण कापतात." आम्ही तिच्या हाती ग्रंथालयातले शांताबाईंचे पुस्तक ठेवले आणि मुखपृष्ठावरचा पहिला शब्द वाचायला सांगितला. तिने तो मोठ्याने वाचला, हसली, आणि वहीत खोडलेला 'मपलं' हा शब्द पुन्हा लिहिला.